बॉनेटखालची सवत

"एकोणीस वर्षं झाली लग्नाला, पण माझ्या नवऱ्यानं दुसऱ्या बाईकडे कधी मान वर करून पाहिलं नाही!"

थायलंडातल्या उत्तरादितच्या सकाळच्या बाजारात लामदुआनची भाजक्या केळ्यांची गाडी होती, आणि केळी उलटता उलटता हे वाक्य ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. शेजारच्या मासेवालीला तर हटकून. कारण मासेवालीचा नवरा एका केस कापणाऱ्या बाईबरोबर चिआंगमाईला निघून गेला होता, आणि अशा वेळी शेजारधर्म म्हणून आपण गप्प बसावं, हे काही लामदुआनला सुचायचं नाही.

बरं, वाक्यही खोटं नव्हतं. प्रासोंग मान वर करून कुणाकडे पाहतच नसे. तो खाली वाकून पाहायचा! त्याची ती दुसरी बाई बॉनेटखाली राहत होती.

प्रासोंगची सोंगथेव होती. पिकअपच्या पाठीवर दोन बाकं, वर पत्र्याचं छप्पर, आणि स्टेशन-बाजार-इस्पितळ अशी दिवसभर माणसांची वाहतूक. आता गाडी म्हटली की तिच्यात मे यानांग आली. गाडीची माय. दिसत नाही, बोलत नाही, पण गाडी सांभाळते, आणि मनासारखं झालं नाही तर रुसते. तिकडचे सगळेच ड्रायव्हर तिला हात जोडूनच चाक हातात घेतात. लामदुआनही तिला मानायची. मानण्याबद्दल तिची तक्रारच नव्हती. तक्रार होती ती लाडांबद्दल!

सकाळी उठल्या उठल्या प्रासोंग अंगणात जायचा आणि बॉनेटवर हात ठेवून म्हणायचा, "माय, झोप झाली का नीट? डास नव्हते ना?" मग घरात येऊन बायकोला म्हणायचा, "भात कुठाय?"

चढ आला की डॅशबोर्डवरून हात फिरवायचा. "दमलात का माय? हे एवढं वळण, की झालंच." आणि लामदुआन गॅसची टाकी उचलून जिना चढत असली की म्हणायचा, "जरा बाजूला हो, कुस्ती दिसत नाही."

दर अष्टमी-पौर्णिमेला मायला मोगऱ्याची ताजी माळ, खाली लाल गुलाबाचा गोंडा. लामदुआन हे तर चक्क फुलाचं नाव आहे! फुलाचं नाव ठेवलेल्या बाईच्या केसात एकोणीस वर्षांत नवऱ्यानं एक पाकळी खोचली नव्हती. वर मायला लाल सरबताची बाटली, तीही झाकण काढून, नळी खोचून. रस्त्यावरची कुत्री बाटली पाडतात म्हणून तो बॉनेट उघडायचा, आत एक काळी पेटी आहे पाटासारखी सपाट, तिच्यावर बाटली ठेवायचा, डोळे मिटायचा, आणि मायचं पिऊन झालं असं वाटलं की उरलेलं सरबत बोटांनी आजूबाजूला शिंपडायचा. प्रेमानं.

"मला कधी नळी घालून दिलंत काही?" लामदुआननं एकदा विचारलं होतं.

"तुला तोंड आहे की!" प्रासोंग म्हणाला. आणि त्याला खरंच वाटलं की आपण उत्तर दिलं.

असं सगळं सुरळीत जळफळाटात चाललेलं असताना एके दिवशी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. इंजिनाच्या आकाराचा. गाडी चालत होती, पण मधूनच उचकी लागल्यासारखी करत होती. प्रासोंग घरी आला तो तोंड पाडून.

"माय रुसल्या," तो म्हणाला.

"चेक इंजिनचा दिवा आहे तो," लामदुआन म्हणाली. "तोय मिस्त्रीकडे न्या."

प्रासोंगनं कानाला हात लावले. "बाईमाणूस रुसलं तर मिस्त्रीकडे नेतात का?"

"बाईमाणूस रुसलं तर कुठे नेतात ते तुम्हाला काय ठाऊक? मी गेल्या पावसाळ्यात रुसलेय, तुम्हाला अजून पत्ता नाही!"

पण तो ऐकायलाच नव्हता. तो थेट नियाम मावशीकडे गेला होता. नियाम मावशीचं माळांचं दुकान देवळाच्या दारात. तिचा सल्ला फुकट असायचा. त्या सल्ल्याला लागणाऱ्या वस्तू मात्र तिच्याच दुकानात मिळायच्या.

"माळ लहान पडली असेल रे," मावशी म्हणाली. "तू अजून ड्रायव्हर झालास तेव्हाचीच माळ वाहतोस. दिवस बदलले. मायचा मान वाढव."

मग माळ मोठी झाली. सरबत अष्टमी-पौर्णिमेऐवजी रोज सुरू झालं. आणि गंमत बघा, दुसऱ्या दिवशी दिवा विझला!

"बघितलंस?" प्रासोंग अंगणात नाचायचाच बाकी होता. "कळलं त्यांना!"

संध्याकाळी दिवा पुन्हा लागला. मग माळा दोन झाल्या. सरबताबरोबर भाजलेली कोंबडी आली, चिकट भात आला. दिवा कधी विझायचा, कधी लागायचा, आणि उचक्या मात्र वाढत चालल्या. प्रासोंगही इरेला पेटला. जितका दिवा जास्त, तितकं सरबत जास्त! लामदुआन स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे सगळं बघायची आणि भांडी अशी घासायची की त्यांचा पत्रा पातळ व्हावा. कोंबडीची तंगडीसुद्धा तिकडे! घरात मानेचा भाग!

"किती नखरे त्या बयेचे!" ती मासेवालीला म्हणाली.

"कुणाचे?" मासेवालीचे कान टवकारले.

"कुणाचे नाही. माझ्या नवऱ्यानं दुसऱ्या बाईकडे कधी मान वर करून पाहिलेलं नाही," लामदुआन घाईघाईनं म्हणाली, आणि केळं करपलं.

आणि मग एके दिवशी प्रासोंग तिच्यासमोर येऊन उभा राहिला. चुळबुळ करत. हातात फीत.

"लामदुआन, जरा सरळ उभी राहा."

"का?"

"माप घ्यायचंय. खांदा. कंबर."

लामदुआनच्या हातातला झारा खाली पडला. पुढच्या आठवड्यात शेजारच्या लाप्ले गावी तिच्या भाच्याचं लग्न होतं. म्हणजे ह्या माणसाच्या लक्षात होतं! ती इतकी सरळ उभी राहिली की झेंडावंदनाला आली आहे असं वाटावं. प्रासोंगनं माप घेतलं, कंबरेपाशी थोडा थांबला, विचारात पडला, आणि मनाशीच म्हणाला, "दोन इंच कमीच सांगू."

बाजारात त्या दिवशी केळी आपोआप भाजली गेली. लामदुआनचं लक्ष होतं कुठे! "रेशमी पोशाख शिवतोय माझ्यासाठी," तिनं मासेवालीला सांगितलं. भाजीवालीला सांगितलं. दोघींना लग्नाचं आमंत्रण होतंच. "लाप्लेला बघालच! आणि कंबर मुद्दाम दोन इंच कमी हं! त्याच्या नजरेत मी अजून नवरीच आहे."

मासेवालीनं हातातल्या माशाचं डोकं जरा जास्तच जोरात तोडलं.

दोन दिवसांनी कपाटावर एक पिशवी दिसली. आत जांभळं रेशीम, सोनेरी काठ, खांद्यावरून घ्यायची पट्टीसुद्धा! प्रासोंग बाहेर होता. लामदुआननं दार लावून पोशाख अंगावर चढवला. खांदे बसले. कंबरेला मात्र गुंडी आणि काज एकमेकांकडे नुसती बघत राहिली. काही हरकत नाही! नवऱ्याचं प्रेम दोन इंच पुढे असेल तर आपण दोन इंच मागे यावं. तिनं भात सोडला. सकाळी सोमताम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, रात्री सोमताम, आणि मधे केळ्यांचा वास. भाच्याच्या लग्नाला चार दिवस राहिले तेव्हा गुंडी काजाला टेकली. टेकली! लामदुआननं आरशात बघून स्वतःलाच नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी कपाटावर पिशवी नव्हती.

ती अंगणात आली. गाडीत ड्रायव्हरच्या सीटमागे, लाकडी हँगरवर, जांभळं रेशीम डोलत होतं. समोर प्रासोंग हात जोडून उभा. "माय, नियाम मावशी म्हणाल्या तुमच्याकडे चांगला पोशाख नसेल. चुकलं आमचं. आता तरी दिवा विझवा."

"अहो!" लामदुआनचा आवाज फाटला. "हा पोशाख हिचा?"

"मग कुणाचा?"

"मग माप माझं का घेतलंत?"

"शिंपीणबाईंनी विचारलं माप काय. मायचं माप कुणाला माहीत! घरात बाई म्हणजे तूच. तुझंच दिलं. फक्त कंबर कमी सांगितली. माय जरा नाजूक असणार ना."

हे तो इतक्या साधेपणानं बोलला की लामदुआनला मारायलासुद्धा काही सापडेना. ती आत गेली आणि भाताचं पातेलं पुढ्यात घेऊन बसली. चार दिवसांचा भात तिनं एका बैठकीत वसूल केला. रडू येत होतं आणि भूकही लागली होती, दोन्ही एकदमच उरकलं. एवढा अपमान तर सख्ख्या सवतीनंही केला नसता. सवत निदान दिसते तरी! तिच्या झिंज्या तरी धरता येतात!

आणि पोशाख लटकवूनही दिवा लागला तो लागलाच. प्रासोंग पुन्हा नियाम मावशीकडे निघाला.

"जा, जा! आता तिला काय हवंय ते विचारून या!" लामदुआन ओरडली. तो चालत गेला, कारण रुसलेल्या मायला धूळ खायला नेणं बरं दिसलं नसतं. त्याची पाठ वळली मात्र, लामदुआननं खुंटीवरची किल्ली काढली. आज ती सिद्ध करून दाखवणार होती की दिवा म्हणजे दिवा! यंत्र म्हणजे यंत्र! त्या बयेला ना दिवा लावता येतो, ना विझवता येतो. मग बघू कोण घालतो तिला रेशीम!

रस्ताभर गाडी उचक्या देत होती आणि मागे पोशाख सळसळत होता. "गप बस," लामदुआन आरशात बघून म्हणाली.

गॅरेजमध्ये तोय मिस्त्री दुसऱ्या एका गाडीखालून सरपटत बाहेर आला. हात पुसले, बॉनेटपाशी गेला, आणि दोन्ही हात जोडून म्हणाला, "माय, जरा उघडतो हं. राग मानू नका."

"मिस्त्री, तुम्हीसुद्धा!"

"ताई, एकदा न विचारता उघडलं होतं. अंगठ्याला अजून नख नीट येत नाही." मग त्याची नजर आत गेली. "वा! पोशाख काय सुरेख आहे हो. कुणाचा?"

"दिवा बघा," लामदुआन दात-ओठ खात म्हणाली.

तोयनं स्टेअरिंगखालच्या खाचेत आपल्या यंत्राची वायर खोचली. पडद्यावर आकडे आले. "इंजिनात जाणारी हवा मोजायला एक सेन्सर असतो. तो बोंब मारतोय. म्हणतोय, हवेचा काही हिशोब लागत नाही."

"म्हणजे हवा बिघडली?"

"ते बघायला हवं. बोंब मारणारा नेहमी खरंच बोलतो असं नाही."

त्यानं यंत्रावरून बिघाडाची ती नोंद पुसली. दिवा विझला. लामदुआन टाळी वाजवणार, तोच इंजिन जरा तापलं आणि दिवा पुन्हा हजर! तोयनं फिल्टर काढून पाहिला, स्वच्छ. हवेची नळी चाचपली, धडधाकट. मग त्यानं सेन्सरची पिन नुसती बोटानं हलवली. इंजिननं अशी उचकी दिली की पोशाखाची पट्टी खाली घसरली.

"इथे आहे चोर," तोय म्हणाला आणि त्यानं पिन ओढून काढली. ती सहजी सुटेना. चिकटली होती. सुटली तशी आतून मुंग्यांची रांग बाहेर पडली, बारक्या, तांबड्या, जणू काही कुणाच्या तेराव्याला जेवून निघाल्या होत्या! तोयनं पिनेला बोट लावलं, हुंगलं, आणि बोट जिभेला लावलं.

"स्ट्रॉबेरी," तो म्हणाला.

"काय?"

"ताई, ह्या पेटीवर बसून सरबत कोण पितं?"

लामदुआननं एक क्षण त्याच्याकडे पाहिलं आणि मग ती अशी हसली की गॅरेजमधली कोंबडी फडफडत पळाली. सरबत! रोजचं, नळी घातलेलं, प्रेमानं शिंपडलेलं! सरबत सेन्सरमध्ये, सरबताला मुंग्या, मुंग्यांमुळे दिवा, आणि दिव्याला उतारा म्हणून आणखी सरबत! नवऱ्यानं आपल्या लाडकीला लाडानंच आजारी पाडलं होतं!

"इंजिन ठणठणीत आहे," तोय नवा सेन्सर बसवत म्हणाला. "ह्या जुन्याचं डोकं फिरलंय. नसलेलं दुखणं सांगत सुटलाय."

"म्हणजे गाडीतल्या बाईंचा ह्यात काही हात नाही ना?"

"मायचा? छे हो!"

"हे मला पुन्हा एकदा मोठ्यानं सांगा."

तोयनं मोठ्यानं सांगितलं. गाडी सुरू झाली. दिवा नाही, उचकी नाही. लामदुआननं जुना सेन्सर कागदात गुंडाळला, आत दोन-चार मुंग्या राहतील अशा बेतानं, आणि पुरावा मांडीवर घेऊन घरी निघाली. येताना तिनं आरशात पोशाखाकडे पाहिलं आणि भुवई उडवली. आता बोल!

घरी प्रासोंग पायरीवर बसला होता. चेहरा पार उतरलेला. गाडी कुठे गेली, असंसुद्धा त्यानं विचारलं नाही.

"लामदुआन, मी आज एक ठरवलंय."

"आधी माझं ऐका!"

"अगं, महत्त्वाचं आहे. नियाम मावशी म्हणाल्या की—"

"मावशी गेली उडत! हे बघा!" तिनं कागद उलगडला. मुंग्या प्रासोंगच्या हातावर चढल्या. "हा सेन्सर! हा बिघडला होता! तुमच्या सरबतानं! तुमची माय रुसली नव्हती, काही नव्हती! तोय मिस्त्रीनं नवा बसवला, दिवा गेला. ती काही करत नाही आणि तिला काही करताही येत नाही! बसा आता पोशाख शिवत!"

प्रासोंग मुंग्यांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे माय रागावल्याच नव्हत्या?"

"नव्हत्या!"

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून!"

"मी उगाच संशय घेतला त्यांच्यावर?"

"उगाच!" लामदुआन ठणकावून म्हणाली. आणि म्हणता म्हणताच तिला वाटलं, आपला पाय कुठेतरी चुकीच्या जागी पडतोय.

प्रासोंगच्या डोळ्यांत पाणी आलं. तो उठला आणि थेट बॉनेटला जाऊन बिलगला. "माय! माफ करा हो माय! काय काय बोललो मी तुम्हाला!"

"काय बोललात?" लामदुआननं विचारलं. "कधी?"

"आत्ता, मावशीकडे," तो डोळे पुसत म्हणाला. "मावशी म्हणाल्या, आता मायपुढे नाच ठेव. सहा नाचणाऱ्या, वाजंत्री, सगळं! तेव्हा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, माझ्या लग्नात नाच नव्हता, हिला कशाला? किती करायचं एका बाईसाठी? माझी बायको घरात मान खाते आणि हिला तंगडी! म्हटलं, बस झाले नखरे. आजपासून माळ बंद, सरबत बंद. आणि तो रेशमी पोशाख हिच्या अंगावरून काढून लामदुआनला देतो, लाप्लेला घालेल. तेच सांगायला बसलो होतो इथे."

लामदुआननं रिकामा हात पुढे केला. "मग द्या की!"

"आता?" प्रासोंग दचकला. "आता कसा देऊ? बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता, हे तूच तर सांगितलंस! नाहक आळ आला त्यांच्यावर, आणि वरून अंगावरचं वस्त्र काढून घेऊ?" त्यानं तिचा हात हातात घेतला, एकोणीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच. "बरं झालं गं तू वेळेवर आलीस. माय तुझे उपकार विसरणार नाहीत."

लामदुआनला काय वाटलं ते लिहायला नको. हातातल्या मुंग्याही हळूहळू निघून गेल्या.

लाप्लेला निघायच्या दिवशी ती आपला जुना हिरवा पोशाख घालून, पावडर लावून, गाडीच्या पुढच्या दारापाशी आली. प्रासोंगनं हळूच तिला थांबवलं.

"आज तेवढी मागे बसतेस का? मायच्या मनाला फार लागलंय. म्हटलं, त्यांनाही लग्नाला नेऊ. जरा पुढे बसतील, वारा लागेल, मन रमेल."

मागे दोन्ही बाकं वऱ्हाडी बायकांनी भरली होती. लामदुआन चढली आणि नेमकी मासेवालीच्या शेजारी जागा मिळाली. गाडी निघाली. झोकात! ना उचकी, ना दिवा. मासेवालीनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग भाजीवालीकडे पाहिलं, आणि सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशा गोड आवाजात विचारलं, "काय गं लामदुआन, तुझा तो जांभळा रेशमी पोशाख कुठाय?"

मधल्या काचेतून पुढचं सगळं स्पष्ट दिसत होतं. लामदुआननं तिकडे बोट केलं.

"पुढे बसलाय," ती म्हणाली. "पट्टा लावून."